वाण

पानाच्या मागच्या बाजूची लव मी मोजते.
विरळ असेल तर तीन, दाट असेल तर सात.
देठाची लांबी मिलिमीटरमध्ये,
फळाचा रंग रंगपट्टीला लावून,
तोही उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी दहा ते दोन,
कारण उजेडालासुद्धा आमच्याकडे नियमात बसावं लागतं.

बावीस वर्षं एस्टोनियातल्या या एका कचेरीत
मी वेगळेपणाला आकडे देते आहे.
वेगळं आहे का. सगळी रोपं एकसारखी आहेत का.
पुढच्या वर्षीही अशीच राहतील का.
माणसांना हे विचारायची सोय नाही, ते एक बरं.

फेब्रुवारीत राजधानीहून अहवाल आला.
गुळगुळीत कागद, रंगीत खांब :
दर दहा लाख माणसांमागे
वनस्पतींची पेटंटं किती, हक्क किती.
हॉलंडचा खांब पानाबाहेर जाऊ पाहत होता.
आमचा मी सवयीनं मोजला. चार मिलिमीटर.
खाली कुणीतरी लिहिलं होतं :
देशात नव्या वाणांची वाण आहे.

त्याच आठवड्यात हेल्दुर रान्निक आला,
तार्तूची पहिली बस धरून,
बुटांचा बर्फ दारात नीट झटकून.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काड्या,
आणि कोटाच्या आतून, मांजराचं पिल्लू काढावं तसं,
एक सफरचंद.
फेब्रुवारीत! तळघरातलं. सालीला सुरकुती नाही.
त्यानं ते नेमकं अहवालावर ठेवलं.

"रेल्वे फाटकापाशी उगवलं," म्हणाला.
"कुणी गाडीतून गाभा फेकला असेल.
दोनदा उपटायचं राहून गेलं,
तिसऱ्यांदा लेइडा म्हणाली, असू दे."
नाव?
"फाटकाचं."

मी अर्ज पुढे ओढला.
रकाना अकरा : ही जात यापूर्वी कुणाला विकली वा दिली का?
विकली? छे.
दिली?
हेल्दुर बोटं मोडून मोजू लागला.
शाळेच्या बाईंना दोन. पोस्टमनला.
चर्चमागे एक. लेइडाच्या बहिणीला, साारेमा बेटावर.
ज्याच्याशी हद्दीवरून अकरा वर्षं अबोला होता
त्यालाही एक, रात्री, कुंपणावरून.
बोटं संपली तेव्हा त्यानं
माझ्या टेबलावरच्या पेन्सिली मोजायला घेतल्या.
"तीस वर्षं. दर मार्चमध्ये.
वाटावंसं वाटलं, वाटलं."

कलम सांगतं, इतकी वर्षं वाटलेलं ते नवं नव्हे.
कायद्याचं कलम.
झाडाची कलमं ओल्या कागदात गप्प होती.

मी समजावलं :
पहिल्याच वर्षी आला असतात, कुणालाही न देता,
तर हक्क तुमचा, आणि खांब,
खांबही एका केसाएवढा वर गेला असता.
तो पाहुण्यासारखा ऐकत राहिला, मध्ये न बोलता.
मग म्हणाला,
"माझं झाड उंदरांनी मारलं. बर्फाखाली
साल कुरतडली, चहूबाजूंनी.
हे जे तुमच्यापुढे आहे ना,
ते मी पोस्टमनच्या बागेतून परत आणलंय."

यासाठी अर्जात रकाना नाही.
दाखलच झाला नाही, म्हणून नामंजूरही नाही.
पुढल्या अहवालात हेल्दुर कुठेच नसेल,
शून्यातसुद्धा नाही.

जाताना त्यानं काड्या उचलल्या नाहीत.
मी तिसऱ्या मजल्यावर राहते, म्हटलं,
बाल्कनीत फक्त सायकल आहे.
"मग द्या कुणाला तरी," तो म्हणाला, आणि टोपी घातली.

सफरचंद मी रात्री खाल्लं.
आंबट, मग हळूच गोड, बियांपाशी किंचित बदामाचं.
रंग नोंदवायचा राहिला.

काड्या फ्रीजमध्ये आहेत, दुधाच्या बाटलीमागे.
मार्चला अजून सोळा दिवस.
रोज दार उघडते आणि मनात नावं घेते.
काड्या दोन.
नावं कालपर्यंत सात झाली.